गाडी तीच, इंजिन दुसरे

कौंडण्यपूरचे नाव निघाले की वऱ्हाडातल्या माणसाला प्रथम रथ आठवतो. वर्धा नदीच्या काठच्या टेकाडावरील देवळाकडे बोट दाखवून म्हातारी माणसे सांगतात की रुक्मिणीचे माहेर ते हेच, आणि श्रीकृष्णाने तिला रथात बसवून नेले ते येथूनच. कीर्तनकार त्या रथाच्या चारी घोड्यांची नावे घेतात : शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक. सारथी दारुक, त्याचेही नाव घेतात. आम्ही उभे आयुष्य कामगारांत काढले, म्हणून हाकणाऱ्याचे नाव पुराणाने राखले याचे आम्हांला समाधान वाटते. परंतु त्याच रथाची चाके ज्या सुताराने घडवली आणि आस ज्या लोहाराने ठोकला, त्यांचे नाव काही कोणी सांगत नाही. ओढणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते, पेलणाऱ्याकडे जात नाही. आजच्या आमच्या सांगण्याचा विषय हाच आहे, फक्त घोड्यांच्या जागी इंजिन आहे.

गेल्या कार्तिकात यात्रेच्या निमित्ताने आम्ही कौंडण्यपुरास गेलो होतो. रस्त्याच्या कडेला दुचाकी दुरुस्त करणाऱ्याची एक टपरी आहे. तेथे विशीतला एक मुलगा आणि त्याचा बाप उभे होते. मुलाची मोटारसायकल जुनी. मडगार्डे काढून टाकलेली, मागे जाड गुट्ट्यांचा टायर, सायलेन्सर वर उचललेला. पांदणीतून, नदीच्या रेतीतून, काळ्या मातीच्या चिखलातून गाडी उडवीत न्यायची ही अलीकडच्या पोरांची हौस, आणि दिवसा त्याच गाडीवर बापाचा डबा व फवारणीचा पंप शेतात जायचा. इंजिन बसले होते. मिस्त्री म्हणाला, “पिस्टन गेला, बोअर गेला, क्रँकबी वाजते. इतका खर्च कायले करता? भंगारात दुसऱ्या गाडीचं इंजन आलं हाय. तेच बसवून देतो. निम्म्या पैशात काम होते.” बापाच्या खिशात पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे होते. त्याने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “दादा, तुम्ही मशिनीतले माणसं. तुम्हीच सांगा, करू का नको?”

आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण जिनाच्या दारात आणि युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांत झाले. त्या शिक्षणाने आम्हांला एक खोड लावली आहे. कोणी काही वाचवले असे म्हटले की ते कोणाकडून वाचवले, हे पाहिल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. त्या बापाने विचारलेला प्रश्न नवा नव्हता. जुने इंजिन नीट करावे की दुसरे आणून बसवावे, हा प्रश्न वऱ्हाडात गेली दीडशे वर्षे पुन्हापुन्हा उभा राहिला आहे, आणि दर वेळी त्याचे उत्तर मालकाने एका हिशेबाने दिले व गड्याने दुसऱ्या हिशेबाने भोगले. तो इतिहास जसा आम्हांला उमगला तसा येथे मांडतो.

आगगाडी येण्यापूर्वी डाकेच्या टांग्यांना टप्प्याटप्प्यावर घोडे बदलीत. दमलेला घोडा सोडावयाचा, ताजा जुंपावयाचा आणि टांगा पुढे हाकावयाचा. घोडा विश्रांती घेई. टांग्याला विश्रांती नसे. आस किती टप्पे धावला याची नोंद कोणाच्या वहीत नसे. पुढे ताज्या घोड्याच्या ओढीने आस मोडलाच तर दोष बहुधा हाकणाऱ्यावर यावयाचा. इंजिन बदलण्याच्या कथेचा सगळा गाभा या लहानशा चित्रात आहे.

वऱ्हाडात यंत्र आले ते कापसामागून आले. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथला कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली. १८७० साली खामगावच्या फाट्याचे उद्‌घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कापसाचा बाजार आणि रेल्वेचे स्टेशन यांची अशी गाठ पडल्यावर वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस स्टेशनास्टेशनाच्या आसपास उभे राहू लागले.

त्या जुन्या जिनाची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. एका खोलीत बॉयलर आणि वाफेचे इंजिन. तेथून भिंतीतून एक लांब लोखंडी दांडा रेच्यांच्या शेडमध्ये गेलेला. त्याला आमचे लोक ‘साफ्टिंग’ म्हणत. त्या दांड्यावर ओळीने पुल्या आणि प्रत्येक पुलीवरून खाली एकेका रेच्याकडे गेलेला चामड्याचा पट्टा. इंजिन फिरले की दांडा फिरे, दांडा फिरला की पट्टे पळत, आणि सगळे रेचे एकदम चालू होत. रेच्यासमोर बसून कापूस घालणाऱ्या बहुतेक बायाच. रुई एका बाजूला पडे, सरकी दुसऱ्या बाजूला. या रचनेची खुबी अशी की दांड्याला कोण फिरवतो याच्याशी रेच्याला काही कर्तव्य नसे. वाफेचे इंजिन काढून तेलाचे लावा, तेलाचे काढून विजेची मोटर लावा, पट्टे आणि रेचे जसेच्या तसे. म्हणजे इंजिन बदलणे हे त्या रचनेतच सोपे करून ठेवलेले होते.

मालक इंजिन कधी बदली? बॉयलर जुना झाला म्हणजे. १९२३ च्या बॉयलर कायद्याप्रमाणे बॉयलरला दाखला घ्यावा लागे, तो एका वेळी जास्तीत जास्त वर्षभर चाले, आणि दरवर्षी निरीक्षक येऊन आतल्या नळ्या व पत्रे तपासून जाई. नळ्या खराब निघाल्या तर त्या नव्या घाला, पत्रा खचला असेल तर दाब कमी करा, अशी तंबी मिळे. बॉयलरची डागडुजी म्हणजे मोठ्या खर्चाची बाब, आणि जिन तर वर्षातून काही महिनेच चालणारे. अशा वेळी तेलाचे इंजिन आणून बसवणे स्वस्त पडे. प्रथम विलायती इंजिने येत, पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा तेलइंजिनांचा कारखाना निघाला आणि देशी इंजिनेही मिळू लागली. बॉयलर गेला, त्याबरोबर कोळसा टाकणारा गेला, पाणी भरणारा गेला, दाखल्याचा बॉयलरवाला गेला, आणि वर्षातून एकदा दारात येणारा निरीक्षकही गेला. खर्च वाचला तो एकट्या लोखंडाचा नव्हे. माणसांचा आणि तपासणीचाही वाचला.

आणखी एक गोष्ट गेली, आणि तिची नोंद आम्हांला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. ती म्हणजे भोंगा. वाफेच्या इंजिनाला वाफेचाच भोंगा असे. तो वाजला की गाव जागे होई, आणि वाफेचे इंजिनही एकदम धावत नसे, हळूहळू वेग घेई. पट्ट्याजवळ वाकलेल्या बाईला सरकून बसण्यास अवकाश मिळे. तेलाच्या इंजिनाला वाफ नाही, म्हणून तो भोंगा नाही. तरीही ते सुरू करावयाचे म्हणजे दोन गडी चाक फिरवीत, आणि त्याचे धक्‌धक्‌ शेडभर ऐकू येई. इंजिन बदलले तेव्हा ही सूचना निम्मी झाली. ती पुढे पुरतीच नाहीशी व्हावयाची होती. त्याकडे आम्ही शेवटी येऊ, कारण ती आमच्याच आयुष्यातली गोष्ट आहे.

मधल्या काळात रस्त्यावरच्या गाड्यांनीही हाच धडा गिरवला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, पेट्रोलचे रेशन सुरू झाले. तेव्हा मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या चढल्या. कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू पेट्रोलच्या इंजिनात सोडावयाचा, अशी ती युक्ती होती. इंजिन तेच, अन्न मात्र दुसरे. गाडीची ताकद घटे, चढावर उतारूंना खाली उतरावे लागे. मालकाची गाडी चालू राहिली हे खरे. परंतु पहाटे उठून भट्टी पेटवणे, राख काढणे आणि गाळण्या झाडणे हे क्लीनरच्या वाट्याला आले. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचा मोठा भाग असतो, तो विषारी आहे, आणि झाकण उघडताना पहिला श्वास क्लीनरचा असे. पेट्रोल वाचले त्याची किंमत अशी त्याच्या छातीने मोजली.

युद्ध संपल्यावर डिझेलचे दिवस आले. इंग्लंडात पीटरबरो येथे फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ साली कंपनी काढली होती. तिचे सहा सिलिंडरचे ‘पी-६’ इंजिन पेट्रोलच्या जुन्या ट्रकांत बसवण्याची रीत अनेक देशांत पडली, आणि पुढे ते इंजिन मद्रासच्या सिम्प्सन कंपनीत तयार होऊ लागले. पेट्रोलचे इंजिन झिजले की त्याचे बोअर करण्याऐवजी डिझेलचे इंजिन घालावयाचे, म्हणजे दुरुस्तीही टळते आणि इंधनही स्वस्त पडते. हिशेब चोख दिसतो. पण पेट्रोलच्या त्या जुन्या इंजिनांत हवेचे आकारमान सुमारे सहासात पटींनी दाबले जाई, डिझेलमध्ये ते पंधरावीस पटींनी दाबले जाते. म्हणून डिझेलचे इंजिन जड असते, त्याचे धक्के जोरकस असतात आणि ते फेरे कमी घेते. पेट्रोलच्या बेताने केलेली चेसिस, क्लच, गिअर आणि मागला आस यांना हे पाहुणे मानवेलच असे नाही. चांगला फिटर हे सारे पाहून, आधार वाढवून, गिअरचे प्रमाण बदलून मगच इंजिन घाली. घाई करणारा चार बोल्ट आवळून गाडी रस्त्यावर काढी. दोन्ही गाड्या पहिल्या दिवशी सारख्याच चालत. फरक सहा महिन्यांनी घाटात कळे, आणि तो प्रथम ड्रायव्हरला कळे.

दुचाकीच्या बाबतीतही असेच झाले. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेली बुलेट ही मुळात पेट्रोलची गाडी, साडेतीनशे घनसेंटिमीटरची. डिझेल स्वस्त म्हणून तिच्या सांगाड्यात पाणी उपसण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन बसवण्याचा उद्योग गॅरेजवाल्यांनी केला, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत कंपनीनेच ‘टॉरस’ नावाची डिझेल बुलेट बाजारात आणली. तिचे ग्रीव्हज-लोम्बार्डिनी इंजिन ३२५ घनसेंटिमीटरचे, शक्ती अवघी साडेसहा अश्वशक्ती. दूधवाले आणि शेतकरी तिच्यावर खूष होते, कारण थोड्या डिझेलवर ती फार लांब जाई. वेग नव्हता आणि थरथर फार होती. हँडल धरणाऱ्याचे हात बधिर व्हावयाचे, नट सैल व्हावयाचे. पुढे धुराचे नियम कडक झाल्यावर ती मागे पडली. जे वाचत होते ते पेट्रोलच्या पैशांत दिसे. जे जात होते ते मनगटात आणि धुरात जाई, त्याची पावती नसे.

आता कौंडण्यपूरच्या पंचक्रोशीतले मोठे उदाहरण घेऊ. नदी ओलांडून पलीकडे गेले की आर्वी. आर्वी ते पुलगाव ही ३५ किलोमीटरची लहान गाडीची वाट. तिच्याच भावंडांपैकी एक मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, आणि दुसरे मूर्तिजापूर ते अचलपूर, ७६ किलोमीटर. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वऱ्हाडचा कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत आणण्यासाठी हे फाटे घातले गेले. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, तिचा कारभार किलिक निक्सन या इंग्रजी पेढीचा. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण या फाट्यांची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली. गाडी सरकारी रेल्वे चालवी आणि मालकाला त्याचा मोबदला जाई. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळच्या गाडीला लोकांनी ‘शकुंतला’ हे लाडके नाव दिले.

या शकुंतलेला मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन सत्तर वर्षांच्या आसपास ओढीत होते. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर असतो, कोळसा टाकणारे फायरमन असतात, आणि शेडमध्ये भट्टी पेटवणारे, राख काढणारे, बॉयलरच्या नळ्या बदलणारे असे सगळे गणगोत असते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते इंजिन काढून घेण्यात आले आणि त्या जागी डिझेलचे इंजिन आले. आम्ही तेव्हा पंचविशीच्या आत होतो. लोकांना वाटले, आता गाडी धावेल. पण अचलपूर ते मूर्तिजापूर हे ७६ किलोमीटरचे अंतर कापण्यास डिझेलच्या गाडीलाही सुमारे चार तास लागत. बैलगाडीहून वेगळी असली तरी ही चाल सायकलवाल्याला लाजवणारी नव्हे. असे का झाले? कारण इंजिन बदलले होते आणि वाट तीच होती. तेच रूळ, तेच पूल, त्याच वळणांची अरुंद वाट. इंजिनाला ताकद पुष्कळ असली तरी खालचा मार्ग जेवढे पेलू देतो तेवढेच त्याला चालता येते.

येथे मालक एक आणि हाकणारा दुसरा, हे ध्यानात घ्यावे. अशा घरात छप्पर गळू लागले की भाडेकरू मालकाकडे बोट दाखवतो आणि मालक भाडेकरूकडे. इंजिन बदलणे एका दिवसात होते, त्याचा फोटो निघतो, हार घालता येतो. रूळ आणि स्लीपर बदलणे वर्षानुवर्षे चालते, त्याला हार कोणी घालीत नाही. पुढे शकुंतलेच्या गाड्या एकेक करून थांबल्या. ब्रॉडगेजसाठी लोकांनी मोर्चे काढले, निवेदने दिली. आम्ही असे म्हणत नाही की डिझेल इंजिनाने शकुंतला मेली. उलट त्याने तिला आणखी वीसेक वर्षे जगवले. आमचे म्हणणे एवढेच की त्या वीस वर्षांत खालची वाट नीट करण्याची निकड, इंजिन नवे आहे या समाधानात झाकली गेली. फायरमनची जागा १९९४ सालीच गेली होती. स्वस्त तिकिटात बाजाराला जाणाऱ्या बाईची गाडी पुढे गेली.

आता आमची गोष्ट. ती सांगताना आम्हांला संकोच वाटतो, पण ती गाळून हा इतिहास सांगितला तर तो खरा होणार नाही.

शकुंतलेचे इंजिन बदलले त्यानंतर दोनएक वर्षांनी याच पट्ट्यातल्या एका जिनात मालकाने तेलाचे इंजिन काढून विजेची मोटर बसवली. इंजिनाचे बोअर करणे आवश्यक झाले होते आणि त्याला खर्च फार येत होता. त्या काळी १९७२ पासूनची एकाधिकार कापूस खरेदी योजना चालू होती, जिनवाल्याला ठरल्या दराने सरकी काढण्याची मजुरी मिळे, आणि जुन्या शेडमध्ये पैसा घालण्याची हौस कोणालाच नव्हती. मोटर आली तेव्हा इंजिनवाला आणि त्याचा मदतनीस अशी दोन माणसे कमी करण्यात आली. आम्ही नव्या दमाचे कार्यकर्ते. गेटवर सभा घेतली, तीन दिवस काम बंद ठेवले, वाटाघाटी केल्या आणि त्या दोघांना बऱ्यापैकी भरपाई मिळवून दिली. गुलाल उधळला. आम्हांला वाटले, इंजिन बदलले त्याचा सगळा हिशेब चुकता झाला.

मोटरचे बटण ऑफिसच्या भिंतीवर होते. भोंगा पूर्वीच गेला होता, आता ते धक्‌धक्‌ही गेले. बटण दाबले की दांडा क्षणात पूर्ण वेगाने फिरू लागे. साफ्टिंग तेच, पट्टे तेच, त्यांना जाळी नव्हती ती नव्हतीच. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी रेच्याखाली अडकलेली रुई काढण्यासाठी एक बाई वाकली होती. कोणीतरी बटण दाबले. तिचा उजवा हात पट्ट्यात गेला आणि कोपरापासून काढावा लागला.

तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात हे सगळे लिहिलेले होते. कलम २१ प्रमाणे फिरत्या यंत्राला कुंपण पाहिजे. कलम २२ प्रमाणे फिरते साफ्टिंग आणि पट्टे पुसण्याचे काम बाईला देता येत नाही. कलम २४ प्रमाणे अडचणीच्या वेळी त्याच शेडमधून शक्ती तोडता आली पाहिजे. आम्ही ही कलमे अपघातानंतर वाचली. ती आधी वाचणे हे आमचे काम होते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. त्यात पंजा गेला तर कमाईची ६० टक्के शक्ती गेली असे धरीत, कोपराशी हात गेला तर ७० टक्के. त्या तक्त्याने आम्ही तिचे पैसे मिळवून दिले. पैसे देण्यास गेलो तेव्हा ती डाव्या हाताने भाकरी थापण्याचा प्रयत्न करीत होती. रागावली नाही. एवढेच म्हणाली, “तुम्ही त्या दोघाईसाठी भांडले. आमच्याकडे कोनं पायलंच नाई.”

ते वाक्य आम्ही आजवर विसरलो नाही. आम्हीही मालकासारखेच एकट्या इंजिनाकडे पाहिले होते. त्याच्या दृष्टीने इंजिन म्हणजे खर्च, आमच्या दृष्टीने इंजिन म्हणजे दोन नोकऱ्या. इंजिनाच्या पलीकडे पंचवीस पट्टे पळत होते आणि प्रत्येक पट्ट्याखाली एक बाई बसली होती, हे दोघांनाही दिसले नाही. त्यानंतर कोठेही नवे इंजिन किंवा मोटर येणार असे कळले की आम्ही मागणीपत्राची सुरुवात दुसऱ्या टोकापासून करू लागलो. प्रथम रेचा, मग पट्टा, मग जाळी, मग शेडमधले बंद करण्याचे बटण, मग सुरू करण्यापूर्वीची घंटा, आणि शेवटी इंजिन. २००० साली केंद्र सरकारचे कापूस तंत्रज्ञान अभियान निघाले, जिनांच्या सुधारणेला मदत मिळू लागली आणि पुष्कळ ठिकाणी स्वतंत्र मोटरींचे रेचे आले, साफ्टिंग निघाले. ते चांगलेच झाले. पण ते निघेपर्यंत जितक्या घंटा आम्ही बसवून घेतल्या, तितक्याच आम्हांला आमच्या कामाच्या वाटतात.

याचा अर्थ दुसरे इंजिन बसवूच नये असा नाही. गरीब माणसाने वस्तू टाकून न देता तिला नवे काळीज घालून चालवावी, यात शहाणपण आहे, आणि आमच्या मिस्त्र्यांचे कसब त्यातच दिसते. कायदाही त्याला सरसकट मना करीत नाही. गाडीच्या कागदावर दोन नंबर असतात, एक इंजिनाचा आणि एक चेसिसचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि इंजिन बदलले तर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवले पाहिजे. लोक याला कटकट समजतात. आम्हांला त्यात त्या जुन्या बॉयलर निरीक्षकाची आठवण होते. बाहेरच्या एखाद्या डोळ्याने गाडी पुन्हा एकदा पाहावी, एवढाच त्याचा उद्देश आहे.

कौंडण्यपूरच्या टपरीवर हे सगळे व्याख्यान आम्ही दिले नाही. त्या बापाला एवढेच विचारले, “नवं इंजन जुन्यापेक्षा जोराचं आहे का?” मिस्त्री अभिमानाने म्हणाला, “हाव तं! डबल ताकद.” मग आम्ही एकेक विचारीत गेलो. जुन्या आधारांना हे वजन पेलेल का? चेन सरळ रेषेत बसेल का? चेसिसचा जुना जोड पुन्हा भरून घ्यावा लागेल का? दुप्पट ताकदीच्या गाडीला थांबवणारे ब्रेक मात्र तेच राहणार का? नोंदणीच्या कचेरीत हे चालेल का, हे विचारण्यास कोण जाणार? मिस्त्री हुशार होता आणि प्रामाणिकही होता. त्याने डोके खाजवले आणि हसून म्हणाला, “हे समदं करतो म्हटलं दादा, तं बोअरचाच खर्च येते.”

बाप बराच वेळ गप्प राहिला. मुलाची घाई चालली होती, त्याला संध्याकाळपर्यंत गाडी हवी होती. मिस्त्री दोन्ही हिशेब पाठीच्या पुठ्ठ्यावर मांडीत होता, एक नुसत्या इंजिनाचा आणि एक सगळ्या गाडीचा. दुसरा पहिल्यापेक्षा बराच मोठा झाला, आणि बोअरच्या खर्चापेक्षा थोडाच कमी राहिला. बापाने दोन्ही आकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि खिशातले पैसे तसेच ठेवून मिस्त्र्याला म्हणाला, “इंजनाचं मंग पाहू. पैले ब्रेक खोल.”